साधारण डोकं, भरपूर कष्ट: नर्सिंगला एवढं पुरतं का?

एका मुलीने विचारलंय: "शाळेत मी कायम मधल्या बाकावरची. एक धडा पाठ करायला मला मैत्रिणींच्या दुप्पट वेळ लागतो. विज्ञानात मार्क जेमतेम. पण कष्टाला मी मागे हटत नाही, रात्र रात्र जागून अभ्यास करेन. नर्सिंगला एवढं पुरेल, की मुळात हुशारच असावं लागतं? प्रवेशाला अजून तीन महिने आहेत, तोवर काय करू?"

पुरेल. पण ते "रात्र रात्र जागून" वाचून मी जरा थबकले. मी अकरा वर्षं वॉर्डात काढली आणि गेली पंधरा वर्षं नर्सिंगच्या मुलामुलींना शिकवतेय. पहिल्या वर्षात आपटलेल्या माझ्या विद्यार्थिनींपैकी ढ म्हणता येतील अशा फार थोड्या. बाकीच्या रात्र रात्र जागणाऱ्याच होत्या.

आधी तुझं ते 'साधारण' तपासू. बुद्ध्यांकाची मोजपट्टीच अशी आखलेली असते की सरासरी १०० यावी आणि साधारण दोन तृतीयांश माणसं ८५ ते ११५ च्या मध्ये पडावीत. म्हणजे साधारण असणं ही काही उणीव नाही, गर्दी तिथेच असते आणि सगळ्या कामधंद्यांना माणसं प्रामुख्याने त्याच गर्दीतून मिळतात. शिवाय तू तुझी बुद्धी मोजलेली नाहीस, तू पाठांतराचा वेग मोजलायस. वॉर्डात त्या वेगाला फारशी किंमत नाही. औषधाचा डोस आठवत नसेल तर पुस्तक उघडून बघायचं असतं. आठवतोय असं वाटूनही बघायचं असतं. ठोकून द्यायचं नसतं, एवढंच.

मग नर्सिंगमध्ये अवघड काय आहे? एकेक विषय सुटा घेतला तर कुठलाच डोक्यावरून जाणारा नाही. शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र, पोषण, मानसशास्त्र, यातली एकही कल्पना उच्च गणितासारखी चक्रावून टाकणारी नसते. पण हे सगळं एकाच वेळी अंगावर येतं, वर सकाळची क्लिनिकल ड्युटी असतेच. आणि परीक्षेत किंवा पेशंटजवळ ते विषय वेगवेगळे येत नाहीत. तिथे ते एकमेकांत गुंतलेले असतात. गुंता सोडवायला वेळ लागतो. त्यासाठी असामान्य डोकं लागत नाही, पण अभ्यासाची पद्धत लागते.

एक उदाहरण जरा तपशिलात देते. माझी एक विद्यार्थिनी होती, तिच्या वह्या म्हणजे दागिनेच. तीन रंगांची शाई, समासात फुल्या, प्रत्येक औषधाला एक पान. फ्युरोसेमाइडच्या पानावर: लघवी वाढवते, पोटॅशियम कमी होतं, बीपी कमी होतं. डिगॉक्सिनच्या पानावर: हृदयाचं आकुंचन जोरकस करतं, गती कमी करतं, विषबाधेत मळमळ, भूक जाणं, पिवळट दिसणं. दोन्ही पानं तिला तोंडपाठ. वॉर्डात हृदय कमकुवत झालेले एक आजोबा होते, त्यांना ही दोन्ही औषधं चालू होती. दोन दिवस ते जेवत नव्हते, "मळमळतंय" म्हणत होते. पोटॅशियमचा रिपोर्ट २.९. एरवी साडेतीन ते पाचच्या दरम्यान असावं लागतं. मी तिला विचारलं, आजोबा का जेवत नसतील? ती म्हणाली, "हॉस्पिटलचं जेवण आवडत नसेल."

दोन्ही पानं तोंडपाठ, पण मधला पूल बांधलेलाच नव्हता. पेशीच्या भिंतीवर सोडियम बाहेर टाकून पोटॅशियम आत घेणारा एक पंप असतो, डिगॉक्सिन त्या पंपावर जाऊन बसतं, आणि तिथल्या जागेसाठी त्याची पोटॅशियमशी चढाओढ असते. पोटॅशियम कमी झालं की डिगॉक्सिनला मोकळं रान मिळतं. म्हणजे डोस तोच, पण पेशंटला तो जास्त पडल्यासारखा होतो. पोटॅशियम कुणी कमी केलं? लघवी वाढवणाऱ्या औषधाने. मग मळमळ कशाची असू शकते? मग सकाळची गोळी देण्याआधी काय करायचं? छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे, साठच्या खाली असतील तर गोळी हातातच ठेवायची आणि डॉक्टरांना कळवायचं. आजोबांचे त्या दिवशी बावन्न होते.

हे मी तिला तिथेच, औषधांच्या ट्रॉलीपाशी उभी राहून सांगितलं. चार मिनिटं लागली असतील. तिला ते पहिल्या झटक्यात कळलं. मग ती रडायला लागली, म्हणाली, "मॅडम, मी रोज सहा तास बसते." बसत होतीच. ते सहा तास ती पुस्तकातला मजकूर वहीत उतरवत होती आणि वहीतला मजकूर पुन्हा पुन्हा वाचत होती. हात चालत होता, डोकं नुसतं सोबतीला बसलं होतं.

पुन्हा पुन्हा वाचण्यात एक फसवणूक आहे. तिसऱ्यांदा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि आपल्याला वाटतं, हे येतं आपल्याला. ओळखीचं वाटणं आणि येणं या दोन वेगळ्या गोष्टी. रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे प्रयोगात दाखवलं. उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्याभराने ज्यांनी पुस्तक मिटून आठवून लिहायचा सराव केला होता ते पुढे गेले. परीक्षा पाच मिनिटांनी नसते. त्याच्याही किती आधी, १८८५ साली, एबिंगहाउसने स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं पहिल्या दिवसातच झपाट्याने गळतं आणि नंतर गळती मंदावते. म्हणून एकाच रात्री सहा तास बसण्यापेक्षा तेच सहा तास आठवड्यात वाटून बसलेलं टिकतं.

त्या मुलीला मी वही बंद करायला लावली. कोरा कागद घ्यायचा, मधोमध पेशंट काढायचा, माणसाचं गोल डोकं काढलं तरी चालेल. त्याला काय झालंय, कुठलं औषध चालू आहे, त्याने शरीरात काय होईल, मग काय होईल, मग मला त्याच्यात काय दिसेल, मग मी काय करेन. प्रत्येक बाणावर "का?" असा प्रश्न. जिथे अडली तिथेच फक्त पुस्तक उघडायचं. पहिला आठवडा तिला हे अजिबात रुचलं नाही, कारण कागद रिकामे राहायचे आणि रिकामा कागद बघून आपण किती कोरे आहोत ते कळतं. सुंदर वहीत ते कधी कळत नाही. तिसऱ्या महिन्यात ती रोज तीन तास बसत होती आणि सहामाहीला पास झाली, अगदी चमकून नाही, पण नीट पास झाली. तिच्या वहीतली शाई मात्र तेव्हापासून एकाच रंगाची झाली, याचं मला थोडं वाईटही वाटलं.

आता गणित. यालाच मुली सगळ्यात जास्त घाबरतात आणि यात सगळ्यात कमी घाबरण्यासारखं आहे, पण सांभाळण्यासारखं मात्र खूप आहे. लागतं ते शाळेतलं त्रैराशिक. बाळाचं वजन १२ किलो, पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅम द्यायचंय, म्हणजे १८० मिलिग्रॅम. बाटलीवर लिहिलंय ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम, तर साडेसात मिलिलिटर द्यायचं. त्याच औषधाची दुसरी बाटली ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅमची मिळते, तिच्यातून साडेसात दिलं तर दुप्पटहून जास्त गेलं, तिच्यातून ३.६ च द्यायला हवं. किंवा सलाईन: १००० मिलिलिटर ८ तासांत जायला हवं, सेट, म्हणजे सलाईनची नळी, मिलिलिटरला २० थेंबांचा आहे. वीस हजार थेंब, ४८० मिनिटं, म्हणजे मिनिटाला ४२. यात बुद्धीचा कस कुठे लागला? लागला तो बाटलीवरचा आकडा वाचायला, सेटवर काय छापलंय ते बघायला.

माझीच गोष्ट सांगते. दुसऱ्या वर्षाला असताना लहान मुलांच्या वॉर्डात पोस्टिंग होतं. एका अगदी तान्ह्या बाळाला जेंटामायसिन हे अँटिबायोटिक ८ मिलिग्रॅम द्यायचं होतं. वायल, म्हणजे इंजेक्शनची छोटी बाटली, २ मिलिलिटरची, मिलिलिटरला ४० मिलिग्रॅम. आठ भागिले चाळीस, शून्य पूर्णांक दोन. कागदावर मी घाईत नुसता .२ लिहिला, तो ठिपका शाईत कुठे गेला मला ठाऊक नाही, आणि मी दोन मिलिलिटर भरलं. सगळी वायल. दहापट. हे औषध जास्त झालं तर मूत्रपिंडाला आणि कानाला इजा करतं, आणि तान्ह्या बाळाचं मूत्रपिंड अजून पुरतं तयारही नसतं. शेजारी इनचार्ज सिस्टर होत्या, त्यांनी माझा हिशेब बघितलाही नाही. सिरिंजकडे बघून एवढंच म्हणाल्या, "बाळ केवढं, सिरिंज केवढी?"

मी वर्गात गणितात पहिली होते. अभिमानाने सांगत नाही, मुद्दा तोच आहे म्हणून सांगते. माझी हुशारी त्या दिवशी काही कामाची नव्हती. त्या सिस्टर गणितात कशा होत्या देव जाणे, पण एवढ्याशा जिवाला एवढं औषध जात नसतं हा अंदाज त्यांच्या डोळ्यांत मुरलेला होता. तेव्हापासून मी दशांशाच्या आधी शून्य लिहिल्याशिवाय आकडा लिहीत नाही, आणि पूर्ण संख्येच्या मागे दशांश-शून्य जोडत नाही, कारण ५.० चे ५० व्हायला एक पुसट ठिपका पुरतो. हिशेब करण्याआधी अंदाज बांधायचा, थोडं येईल की बरंच, ही सवय माझ्या मुलींना मी पहिल्या दिवसापासून लावते. आणि उत्तर एका वायलीपेक्षा जास्त आलं की थांबायचं, दुसऱ्या कुणाला तरी वेगळा हिशेब करायला सांगायचं. साधारण डोक्याची माणसं हे निमूट करतात. स्वतःच्या डोक्यावर भरवसा असलेल्यांना ते करायला लावायला कष्ट पडतात.

परीक्षेबद्दल थोडं. शाळेत चारपैकी एक उत्तर बरोबर असतं आणि तीन चूक. इथे पुष्कळदा चारही बरोबर असतात आणि विचारलेलं असतं, आधी काय कराल? उदाहरणार्थ, पेशंटला रक्त चढायला लागून दहा मिनिटं झाली, त्याला हुडहुडी भरली, कंबर दुखायला लागली. पर्याय: डॉक्टरांना कळवणं, ताप बघणं, रक्त बंद करणं, पिशवी रक्तपेढीला परत पाठवणं. हे सगळं करायचंच आहे. पण तू डॉक्टरांना फोन लावत असताना ते रक्त शिरेत जातच राहणार. म्हणून आधी बंद, मग नवा सेट लावून सलाईनवर शीर चालू ठेवायची, मग बाकीचं. वर्षानुवर्षं पाठांतरावर पहिल्या आलेल्या मुली अशा प्रश्नांना चिडतात. "सगळंच बरोबर आहे की!" म्हणतात. हो, आहे. वॉर्डातही सगळंच बरोबर असतं आणि हात दोनच असतात. हा प्रकार सरावाने येतो, आणि सरावात चुकलेला प्रत्येक प्रश्न आपण का चुकलो ते एका ओळीत लिहिलं तर लवकर येतो. नुसते दोनशे प्रश्न सोडवून उत्तरं जुळवत बसलीस तर ते पुन्हा वहीत उतरवण्यासारखंच झालं.

भाषेचंही सांगून टाकते. अभ्यासक्रमाची भाषा तुझ्या बोलण्याच्या भाषेहून वेगळी असेल तर पहिले सहा महिने तू स्वतःला मठ्ठ समजशील. ते मठ्ठपण नसतं, वाचनाचा वेग कमी असतो इतकंच. वैद्यकीय शब्द दिसायला अगडबंब, पण जोडकामाचे असतात. 'आयटिस' म्हणजे दाह, 'हेपॅट' म्हणजे यकृत, 'नेफ्र' म्हणजे मूत्रपिंड, 'टॅकी' जलद, 'ब्रॅडी' मंद, 'हायपर' जास्त, 'हायपो' कमी. अशी पन्नासेक मुळं हाताशी असली की हजारभर शब्द आपोआप फोडता येतात.

कष्टाच्या बाबतीत मात्र तुला थोडं खडसावायचंय. कष्ट म्हणजे जागरण नव्हे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की सलग १७ ते १९ तास जागं राहिलेल्या माणसाचा हात आणि डोकं रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकं, कधी त्याहूनही जास्त, मंदावतं. दारू पिऊन आलेल्या मुलीला मी वॉर्डात उभी करणार नाही, मग रात्रभर जागून आलेलीला का करू? शिवाय वाचलेलं पक्कं व्हायला झोप लागते, म्हणजे जागून वाचलेलं जागरणातच वाया जातं. नाइट ड्युटी पुढे आयुष्यभर करायची आहे, ती हौसेने आताच लावून घेऊ नकोस.

दुसरा कष्टाचा चुकीचा प्रकार म्हणजे एकटीने कुढत कष्ट करणं. "मला हे येत नाही, एकदा दाखवाल का?" हे वाक्य ज्यांच्या तोंडून निघत नाही त्या मुली जास्त अडकतात. मधल्या बाकावरच्या मुलींना ही खोड असते, आपलं अज्ञान झाकण्याची, कारण शाळेत ते झाकून चालून गेलेलं असतं. वॉर्डात ते झाकलं तर ते कुणाच्या तरी अंगावर येतं. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घालायला कधी हात लावलेला नाही आणि सिस्टर म्हणाल्या, "घालशील ना?", तर "नाही, पाहिलंय, केलेलं नाही" हे म्हणायला जमलं पाहिजे. माझ्याकडून लिहून घे, या उत्तरावर एखादी वसकेलही. तरी तेच उत्तर.

बुद्धीपेक्षा मी मुलींमध्ये काय बघते ते सांगते. श्वास मोजणं ही नर्सिंगमधली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. कुठल्याही वॉर्डातले चार्ट उघड, नाडी ७६, ८८, १०२ अशी बदलती दिसेल आणि श्वास मात्र सगळ्यांचे १८ किंवा २०. सगळा वॉर्ड एका लयीत श्वास घेतोय जणू! कारण उघड आहे, कुणी मोजत नाही, अंदाजाने लिहितात. आमच्या एका तुकडीत एक मुलगा होता, मार्क बेताचे, बोलायला संथ, तोंडी परीक्षेत त्याला उत्तर यायला एवढा वेळ लागायचा की बाहेरचे परीक्षक घड्याळाकडे बघायचे. तो मोजायचा. नाडीसाठी धरलेलं मनगट सोडायचा नाही, म्हणजे पेशंटला वाटावं की अजून नाडीच चालली आहे, कारण श्वास मोजतायत हे कळलं की माणूस श्वास बदलतो. नजर छातीवर आणि सेकंदकाट्यावर, पूर्ण साठ सेकंद. मांडीच्या हाडाच्या ऑपरेशननंतर पाचव्या दिवशीच्या एका बाईंचे त्याला २८ आले. सकाळच्या चार्टवर १८ होते, ताप नाही, बीपी ठीक, बाई हसून बोलत होत्या. तो इनचार्जकडे गेला, त्यांनी "पुन्हा मोज" म्हटलं, त्याने पुन्हा मोजले, पुन्हा २८. मग डॉक्टर आले, तपासण्या झाल्या, फुप्फुसात रक्ताची गुठळी निघाली. वेळेवर निघाली.

त्याच वर्षी एका अतिशय हुशार मुलीला मी आठवडाभर पोस्टिंगवरून काढलं होतं. तिने बीपी न घेता बीपी लिहिलं. विचारलं तर म्हणाली, "सकाळी एवढंच होतं, एवढ्यात काय बदलणार?" पकडली कशी गेली, तर तिने ज्या वेळेचं लिहिलं त्या वेळेला पेशंट एक्सरेला गेलेला होता. ती नंतर सुधारली, आता चांगलं काम करते. पण मला कुणी विचारलं की नर्सिंगला कोण नालायक, तर मी मार्कपत्रिका मागणार नाही, तिने भरलेले चार्ट मागेन.

ही काही आजची गोष्ट नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात शाळा सुरू केली तेव्हा शिकाऊ मुलींची दर महिन्याला नोंद व्हायची. त्यात पट्टी बांधणं, जळवा लावणं, एनिमा देणं, रुग्णाचं निरीक्षण असे कामाचे रकाने होते, तसेच वक्तशीरपणा, विश्वासूपणा, नीटनेटकेपणा असेही होते. जळवा गेल्या, बाकीचे रकाने मी अजून भरते, फक्त कागद बदललाय. नाइटिंगेल स्वतः मात्र चांगलीच हुशार होती, १८५८ मध्ये तिथल्या संख्याशास्त्र संस्थेची ती पहिली स्त्री सदस्य झाली. हुशारी असली तर उत्तमच, मी तिच्या विरोधात नाही.

आता जिथे कमी पडतं तेही सांगायला हवं, नाहीतर हे नुसतं पाठ थोपटणं होईल. तोंडी दिलेल्या तीन सूचना कागदावर टिपूनही त्याच क्रमाने पाळता येत नसतील, सहा-सहा महिने सराव करूनही गुणोत्तराचं गणित दर वेळी वेगळं उत्तर देत असेल, तर अडचण खरी आहे. तिथे कष्ट वाढवण्याआधी कारण शोधावं. कधी आकड्यांच्या बाबतीतली विशिष्ट शिकण्याची अडचण निघते, कधी नुसता चष्मा लागलेला असतो. हसू नकोस, माझ्या डोळ्यांसमोर दोनदा झालंय. आणि अतिदक्षता विभागासारख्या ठिकाणी औषध सोडणारे चार पंप, व्हेंटिलेटर आणि दर तासाला बदलणारे आकडे एकदम डोक्यात धरावे लागतात, तिथे हुशार मुली लवकर रुळतात हे खरंय. साधारण मुली उशिरा रुळतात. पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन अभ्यासक नर्सने १९८० च्या दशकात नर्सच्या वाढीचे पाच टप्पे मांडले, नवशिकी ते तज्ज्ञ. त्यात मधल्या, म्हणजे सक्षम म्हणण्याच्या टप्प्यावर यायला एकाच तऱ्हेच्या कामात दोन-तीन वर्षं जातात असं त्यांचं निरीक्षण. सगळ्यांचीच जातात. तिथे तुला तीनाऐवजी चार लागली तर कुणी हिशेब ठेवत नाही.

कोर्स अर्ध्यावर सोडून गेलेल्यांचा हिशेब मात्र मी मनात ठेवलाय. डोकं कमी पडलं म्हणून गेलेल्या मला बोटांवर मोजता येतात. जास्त गेल्या त्या फी भरायला पार्ट-टाइम काम करून थकलेल्या, घरी आजारी माणूस असलेल्या, आणि पहिला मृत्यू बघितल्यावर कुणाशीच बोलू न शकलेल्या. शेवटच्या प्रकाराची तयारी कुठल्याही पुस्तकात होत नाही. पहिल्या दिवशी एक मैत्रीण हेरून ठेव, जिच्यापाशी रडता येईल. हे मी अभ्यासाचाच भाग म्हणून सांगतेय.

तर तुझे तीन महिने. शरीररचनेचं जाडजूड पुस्तक आणून पहिल्या पानापासून पाठ करायला बसू नकोस, चाळीस पानांनंतर तुझा उत्साह संपेल आणि ती चाळीस पानंही कोर्स सुरू होईतो गळालेली असतील. रोज दहा गणितं: मिलिग्रॅमचे ग्रॅम, मायक्रोग्रॅमचे मिलिग्रॅम, किलोप्रमाणे डोस, मिनिटाला थेंब. आधी अंदाज लिहायचा, मग उत्तर. शब्दांची ती पन्नास मुळं, कार्डांवर, एका बाजूला मूळ आणि दुसऱ्या बाजूला अर्थ, येतील ती गठ्ठ्याच्या तळाशी टाकायची आणि अडतील ती पुन्हा वर. शरीरातलं फक्त एवढं समजून घे: रक्त हृदयातून निघून परत कसं येतं, श्वासातला प्राणवायू पेशीपर्यंत कसा पोचतो, मूत्रपिंड काय गाळतं आणि काय ठेवून घेतं. हे तिन्ही कुणाला तरी, शक्यतो प्रश्न विचारणाऱ्या लहान मुलाला, चित्र काढून समजावता आले की झालं. रोज सात तास झोप.

आणि सेकंदकाट्याचं एक घड्याळ घे. घरात कुणी झोपलं असेल तेव्हा त्यांच्या छातीकडे बघून पूर्ण एक मिनिट श्वास मोज आणि लिहून ठेव. पंधरा सेकंद मोजून चौपट करायचा मोह होईल, करू नकोस. आठवडाभर तेच माणूस, त्याच वेळी. आकडे रोज थोडे वेगळे येतील. सगळे सारखेच आले तर तू मोजलेले नाहीत असं मी समजेन.